मुंबईमार्गे आलेले पत्र



गेल्या अंकात आम्ही गुडघेदुखीवर लिहिले होते. त्यानंतर एका भगिनीचा फोन आला. गुडघ्याचे चार शब्द झाले, मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या घरी यांना रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की रागावतात. तुम्ही पुरुषांच्या दुखण्यावर लिहा ना. माझं ऐकत नाहीत, निदान तुमचं वाचतील तरी."

तेव्हा आजचा लेख प्रोस्टेटच्या कर्करोगावर. विषय पाहून काही जण पान उलटतील हे आम्हाला ठाऊक आहे. उलटू नका. आम्ही नुसते पुस्तकातले सांगणार नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी, सौदी अरेबियात, जे घडले ते सांगणार आहोत. तिची आणि भावोजींची परवानगी घेतली आहे. नावे तेवढी लिहीत नाही.

सर एली कदुरी शाळेतून मॅट्रिक होऊन आम्ही जे. जे. इस्पितळात नर्सिंग शिकायला गेलो, ते १९६८ साल होते. हॉस्टेलमध्ये आमच्या शेजारच्या खाटेवर श्रीवर्धनची एक कोकणी मुसलमान मुलगी होती. ईदला तिच्या घरून शिरखुर्मा यायचा, आमच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा तिच्या ताटात जायचा. पहिले प्रेत पाहून दोघींनी एकाच खाटेवर बसून रात्र काढली. अशी मैत्री कधी तुटत नाही.

१९७३ साली आम्ही इस्राएलला आलो. ती १९८१ साली सौदीला गेली, दम्माम शहरातल्या एका सरकारी इस्पितळात. भावोजी तिथेच एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले. नकाशात पाहिले तर दम्माम मुंबईपेक्षा आम्हाला जवळ. पण सौदीतून इस्राएलला पत्र येण्याची सोय नव्हती. मग ती पत्र लिहून डोंगरीत बहिणीकडे पाठवी, बहीण त्याला दुसरे पाकीट घालून आम्हाला टाकी. आमचे उत्तर त्याच वाटेने उलटे जाई. महिना-दीड महिना लागे. २००९ च्या शेवटी असेच एक जाड पाकीट आले, अकरा पानांचे. पहिलीच ओळ अशी होती की, "आपण दोघी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना कॅथेटर घालत आलो, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दीड वर्ष कळलं नाही."

झाले होते असे. भावोजी तेव्हा साठीचे. लघवीला वारंवार जावे लागे, धार बारीक झाली होती, रात्री झोपमोड होई. पण मैत्रिणीची बहुधा रात्रपाळी. ती घरी नसताना ते किती वेळा उठतात हे तिला दिसणार कसे? कंपनीच्या दवाखान्यात त्यांनी गुपचूप दाखवले. तिथे गोळ्या मिळाल्या, रक्त तपासायला कुणी सांगितले नाही. गोळ्यांची पाकिटे ते वर्कशॉपच्या कपाटात ठेवत.

हे उघडकीला आले ते पुलावर. दम्मामच्या बाजूचा सौदीचा किनारा आणि बहरीनचे बेट यांना जोडणारा समुद्रावरचा किंग फहद पूल १९८६ साली सुरू झाला. चांगला २५ किलोमीटर लांब आहे. सुटीच्या दिवशी लोक गाडी काढून बहरीनला फिरायला जातात आणि मध्ये पासपोर्ट-कस्टमच्या बेटावर गाड्यांची रांग लागते. पूर्वी भावोजींना ही सहल फार आवडे. मग ते काही ना काही निमित्त काढून टाळू लागले. २००९ च्या एप्रिलमध्ये पाहुणे आले म्हणून जावेच लागले. त्या बेटावर ते तीनदा गाडीतून उतरून गेले. चौथ्यांदा उतरले आणि परत आले तेव्हा त्यांची पँट ओली होती. पाहुण्यांना त्यांनी पाण्याची बाटली सांडल्याचे सांगितले. मैत्रिणीने पाहिले, ती काही बोलली नाही. घरी आल्यावर दार लावून म्हणाली, "आता मला सगळं सांगा."

मग सगळे बाहेर आले. लाज तर होतीच, पण भीती त्याहून मोठी होती. परदेशी कामगाराला सौदीत इकामा लागतो, म्हणजे राहण्याचा परवाना. तो नोकरीला बांधलेला. रोगी माणूस आहे असे कळले तर कंपनी 'फायनल एक्झिट'चा शिक्का मारून घरी पाठवील, ही भीती. गावी घराचा वरचा स्लॅब पडायचा होता, धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे होते. माणसाने विचार केला, आणखी दोन वर्षे काढू, मग गावी जाऊन पाहू.

वाचकहो, आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकात इथे येऊन कारखान्यात लागले, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. आजारी पडायला सवड नव्हती.

मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला दिले. या तपासणीला पी.एस.ए. म्हणतात. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन रक्तात किती उतरले आहे ते त्यात मोजतात. साधारण चारपर्यंत असले तर डॉक्टर सहसा काळजी करत नाहीत. भावोजींचे सतरा निघाले. मग सुईने ग्रंथीचे बारा बारीक तुकडे काढून तपासले. त्यात कर्करोग निघाला, मधल्या प्रतीचा. हाडांचा स्कॅन केला, तो स्वच्छ आला. म्हणजे रोग ग्रंथीच्या बाहेर दूरवर गेलेला नव्हता.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा लेख वाचून अर्धे गाव घाबरेल. रात्री उठावे लागणे म्हणजे कर्करोग नव्हे. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी वाढते, ती साधी वाढ असते आणि गोळ्यांनी बरे वाटते. उलट कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. भावोजींना लघवीचा त्रास झाला, त्यामुळे तपासणी झाली आणि रोग सापडला. दीड वर्ष आधी कळले असते तर किती फरक पडला असता हे कोणी सांगू शकत नाही. पण दीड वर्ष ते एकटे भीत बसले, घरात नर्स असून. हे मात्र टळले असते.

आता नोकरीचे. प्रत्येक कंपनीत एक मंदूब असतो, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामे पाहणारा माणूस. त्यांचा मंदूब म्हातारा सुदानी होता. भावोजी त्याच्याकडे गेले ते राजीनामा कसा लिहायचा हे विचारायला. तो म्हणाला, "राजीनामा कशाला? कायदा वाचलास का?" सौदीचा २००५ सालचा कामगार कायदा आहे. त्यात आजारी कामगाराला वर्षात पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस पाऊण पगार आणि त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी रजा लिहिलेली आहे. ही रजा संपेपर्यंत आजाराच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. आरोग्य विम्याचा कायदा १९९९ चा आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाला. कंपनीने भावोजींचा विमा उतरवलेला होताच. ज्या कागदाला ते दीड वर्ष भ्यायले, त्याच कागदात त्यांचे रक्षण लिहिलेले होते. कागदावरचे सगळे प्रत्येक मालक पाळतो असे नाही, हेही मैत्रिणीने लिहिले होते. पण विचारल्याशिवाय काहीच मिळत नाही. पुढे २०२१ च्या मार्चपासून सौदीने खासगी नोकरीतल्या परदेशी लोकांना मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्याची वाट थोडी मोकळी केली, पण काही कामे, घरकाम वगैरे, त्यातून वगळली.

सरकारी मोठी इस्पितळे तिथे प्रामुख्याने सौदी नागरिकांसाठी. रियाधचे किंग फैसल स्पेशालिस्ट इस्पितळ १९७५ साली उघडले, ते कर्करोगाच्या उपचारासाठी नावाजलेले आहे. पण परदेशी कामगार बहुधा विम्यावर खासगी इस्पितळात जातो. भावोजीही दम्माममधल्या अशाच एका इस्पितळात गेले. सर्जन इजिप्तचे, भूल देणारे पाकिस्तानी, वॉर्डात केरळच्या आणि फिलिपिनी सिस्टर. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, शस्त्रक्रिया करून पूर्ण ग्रंथी काढणे. दुसरी, किरणांचा उपचार आणि जोडीला हार्मोनची इंजेक्शने. दोन्हींचे फायदे-तोटे सांगितले. लघवीवरचा ताबा काही दिवस जाईल आणि नवरा-बायकोच्या सहवासावर परिणाम होईल, हेही सांगितले. भावोजींचे अरबी वर्कशॉपपुरते, म्हणून हे सगळे मैत्रिणीने मराठीत समजावून सांगितले. तिने लिहिले होते, "हजार पेशंटना मी हे सांगितलं असेल. त्या दिवशी माझी जीभ उचलेना. तेव्हा तेच म्हणाले, अगं, सांग की, मी काय लहान आहे?"

या शस्त्रक्रियेचा एक इतिहास आहे. पूर्वी ही ग्रंथी काढली की पुरुषत्व जाणार हे धरूनच चालत. तिच्या दोन्ही बाजूंनी केसासारख्या नसा जातात, त्या नेमक्या कुठून जातात हे कळलेले नव्हते. अमेरिकेतले डॉ. पॅट्रिक वॉल्श आणि हॉलंडचे डॉ. पीटर डोंकर यांनी त्या शोधून काढल्या आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी नसा वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे दुर्बिणीने आणि रोबोटच्या हातांनीही हे काम होऊ लागले. सगळ्यांच्याच नसा वाचतात असे नाही. रोग त्यांना चिकटलेला असला तर त्या काढाव्याच लागतात. भावोजींची एका बाजूची नस वाचली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंबीखाली चिरा देऊन शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी घरी, लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. बाहेर पंचेचाळीसच्या वर तापमान आणि समुद्राची दमट हवा. आता आमच्यातली नर्स जागी झाली, तेव्हा चार सूचना लिहूनच टाकतो. पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवावी, वर उचलली की लघवी उलट जाते. नळी पायाला चिकटपट्टीने बांधावी, म्हणजे ओढ बसत नाही. नळीभोवती रोज साबण-पाण्याने धुवावे. पाणी भरपूर प्यावे. लघवी थोडी गुलाबी दिसली तर घाबरू नये. पण लघवी येणेच थांबले, रक्ताच्या गाठी आल्या, ताप आला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

चौदाव्या दिवशी नळी काढली. आणि मैत्रीण म्हणते तसे, खरे दुखणे त्या दिवशी सुरू झाले. शस्त्रक्रियेला ते भ्याले नव्हते. पण खोकला आला की लघवी, खुर्चीतून उठले की लघवी, हसले की लघवी. डायपर बांधायची वेळ आली. दोनच दिवसांनी रमजान लागला. आजारी माणसाला रोजा माफ असतो, त्यामुळे त्यांनी रोजे धरले नाहीत, ते एक वेळ ठीक. पण शुक्रवारच्या नमाजाला जाणेही त्यांनी सोडले. अंगाला वास येईल, जागा खराब होईल. खोलीच्या बाहेरच पडत नसत. कुणी भेटायला आले की झोपल्याचे सोंग घेत. मैत्रिणीने लिहिले होते, "कॅन्सरने नाही, पण हे डायपरने खचले."

मग त्यांच्या इमारतीतला एक रत्नागिरीकडचा शेजारी आला, फळे घेऊन. सोंग ओळखून तो खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "भाईजान, मला चार वर्षं झाली. मीसुद्धा बांधत होतो." एवढेच. भावोजी उठून बसले. दोघे दोन तास बोलत होते, दार बंद करून. त्याच शेजाऱ्याने त्यांना मशिदीतल्या मौलवींकडे नेले. मौलवींनी सांगितले की ज्याला सतत थेंब गळतो त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्याने वजू करावा आणि खुशाल नमाज पढावा. ही अडचण नवी नाही, तिचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वीच दिलेले आहे.

हे वाचताना आम्हाला आपल्याच प्रार्थनालयातल्या दोन-तीन रिकाम्या खुर्च्या आठवल्या. पूर्वी न चुकता येणारे कुणी अचानक यायचे बंद झाले की आपण म्हणतो, वय झाले. कदाचित कारण एवढेच असेल. विचारायला कोणी गेले का?

स्नायूंचा व्यायाम आम्ही मुद्दाम लिहितो, कारण तो फुकटचा आहे आणि लोक तोच करत नाहीत. लघवी मध्येच रोखायची असेल तर जे स्नायू आपण आवळतो, ते आवळायचे. मनात पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे, पुन्हा पाच मोजायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ताठ करायच्या नाहीत. नळी आत असताना करू नये, ती काढल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करावा. भावोजी वर्कशॉपचे माणूस. ते भिंतीवर खडूने रेघा ओढून हिशेब ठेवत. पहिल्या महिन्यात दिवसाला सहा पॅड लागत. तिसऱ्या महिन्यात तीन. डिसेंबरात ते कामावर रुजू झाले तेव्हा एक, तोही खबरदारी म्हणून. बहुतेकांचे असेच हळूहळू सुधारते, पण त्याला महिने लागतात, कुणाला वर्षही लागते. काहींचे पूर्ण सुधारत नाही, त्यांच्यासाठी वेगळे उपाय आहेत. न विचारता घरी बसून राहणे हा उपाय नव्हे.

सहवासाचा विषय लहान मुले हे पान वाचतात म्हणून थोडक्यात. तो परिणाम लघवीपेक्षा जास्त काळ टिकतो. गोळ्या आणि इतर इलाज आहेत, डॉक्टरांना विचारायला लाजू नये. आणि बायकांनो, आपण पुढाकार घेऊन बोलावे. मैत्रीण म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, आपली अठ्ठावीस वर्षं एका गोष्टीवर उभी नव्हती."

२०११ साली दोघांनी स्वतःहून नोकरी सोडली. वर स्लॅब पडला होता, मुलीचे लग्न झाले होते. कायद्याप्रमाणे मिळायची सेवेची रक्कम घेऊन ते श्रीवर्धनला परतले. पण गोष्ट इथे संपली नाही. शस्त्रक्रियेनंतर पी.एस.ए. जवळजवळ शून्य व्हायला हवे, तसे ते झालेही होते. २०१२ मध्ये ते पुन्हा हळूच चढू लागले. ग्रंथी काढलेल्या जागी थोडा रोग शिल्लक असावा, असे डॉक्टर म्हणाले. मुंबईत किरणांच्या ३३ बैठका घ्याव्या लागल्या, आठवड्याला पाच. त्यासाठी दोघे डोंगरीत बहिणीकडे राहिले. त्याच हिवाळ्यात आम्ही मुंबईला गेलो होतो आणि एके दिवशी त्यांच्यासोबत इस्पितळात बसलो. किरण देण्याआधी पाणी पिऊन मूत्राशय भरलेले ठेवावे लागते, म्हणजे आतडी बाजूला सरकतात. भावोजी हातात पाण्याची बाटली घेऊन हसत आम्हाला म्हणाले, "सिस्टर, बघा गंमत. तीन वर्षं थेंब रोखायला शिकलो, ते देवाने या परीक्षेसाठी शिकवलं."

त्याच दिवशी बाकावर बसून त्यांनी आम्हाला पुलावरची ती गोष्ट स्वतः सांगितली. "त्या बेटावर पँट भिजली," ते म्हणाले, "तेव्हा वाटलं, समुद्रात उडी मारावी. आज वाटतं, पँट भिजली नसती तर मी मेलो असतो."

बालमित्रांसाठी

मुलांनो, हिब्रूत खेकड्याला तुम्ही काय म्हणता? सरतान. आणि या रोगालाही सरतानच. अरबीत विचारा, तेही सरतान म्हणतात, खेकड्यालाही आणि रोगालाही. आपल्या मराठीत कर्क म्हणजे खेकडा, म्हणून कर्करोग. फार पूर्वी ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, त्यांनी ते नाव दिले आणि ते बऱ्याच भाषांत फिरले. खेकडा आपण खात नाही, पण कोकणातल्या तुमच्या पणजोबांना तो चांगला ठाऊक होता. तो दगडाखाली लपतो. दगड उचलला की सापडतो.

आणि प्रोस्टेटला हिब्रूत अर्मोनित म्हणतात, अर्मोन या फळाच्या नावावरून, कारण ती तेवढीच लहान असते. ती फक्त पुरुषांना असते, मूत्राशयाच्या खाली. लघवीची नळी तिच्या मधून जाते, म्हणून ती वाढली की लघवी अडते. तुमच्या सबांना हा आजार झाला तर तो तुम्हाला लागत नाही. त्यांच्या ताटात जेवा, मांडीवर बसा, फक्त टाके ओले असताना पोटावर उडी मारू नका. बाहेरून किरण घेऊन आलेल्या सबांच्या अंगात किरण राहत नाहीत. आणि सबा वारंवार बाथरूमला जातात म्हणून हसू नका. बाहेर गेलात की बाथरूम कुठे आहे ते आधी पाहून ठेवा आणि त्यांना हळूच सांगा. ही मोठी सेवा आहे.

आता थोडे आमच्या घरचे. मैत्रिणीच्या पत्रामुळे आम्ही आमच्या घरच्यांना दरवर्षी न चुकता विचारत आलो. २०१८ मध्ये त्यांचे पी.एस.ए. थोडे वाढलेले निघाले. एम.आर.आय. झाला, तुकडे तपासले, कर्करोगच निघाला, पण अगदी सौम्य. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, आज काही करायचे नाही, फक्त नजर ठेवायची. आम्हाला, नर्स असूनही, हे पटायला वेळ लागला. कर्करोग घरात ठेवून गप्प बसायचे? पण आता ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०२३ साली आला आहे. ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १६४३ पुरुषांना तीन गटांत वाटले: नजर ठेवणे, शस्त्रक्रिया, किरण. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून या रोगाने गेलेले शंभरात तीनसुद्धा नव्हते आणि गटागटांत मोठा फरक नव्हता. याचा अर्थ उपचार नको असा नाही. भावोजींचा रोग वेगळा, आमच्या घरचा वेगळा. अर्थ एवढाच की घाईने घाबरून निर्णय घेऊ नये, विचारायला वेळ असतो.

तपासणी कोणी करावी? पन्नाशीला आलेल्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, किंवा घराण्यात बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर पंचेचाळिशीलाच बोलावे. सत्तरीपुढे कसलीच तक्रार नसेल तर ही तपासणी सरसकट करू नये असे बहुतेक डॉक्टर सांगतात. पण तक्रार असेल तर वय काहीही असो, दाखवावे.

मोठमोठ्या माणसांनीही हे दुखणे लपवले आहे. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांना १९८१ मध्ये कळले होते. लोकांपुढे ते १९९२ मध्ये आले. मधली अकरा वर्षे त्यांच्या प्रकृतीची खोटी पत्रके निघत होती. नेल्सन मंडेलांना २००१ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, हाच रोग निघाला. त्यांनी लगेच जगाला सांगितले, सात आठवडे किरण घेतले आणि पुढे बारा वर्षे जगले. लपवल्याने कोणाचे आयुष्य वाढले नाही, आणि सांगितल्याने कोणाचा मान कमी झाला नाही.

भावोजी आज पंचाहत्तरी ओलांडून श्रीवर्धनला आपल्या सुपारीच्या वाडीत फिरतात. आता पत्राला डोंगरीचा फेरा पडत नाही, मैत्रीण फोनवरच फोटो पाठवते. गेल्या महिन्यात पाठवला त्यात भावोजी वाडीच्या पाटाकडेला उभे आहेत, लुंगी वर खोचून. खाली तिने लिहिले होते, "आजचा हिशेब शून्य पॅड. तुझ्या लेखात घाल." घातले.

तर फोन करणाऱ्या ताई, आता हा अंक घडी करून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा आणि तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत जा. त्यांना एकट्याने वाचू द्या. नंतर विचारा. आणि ज्यांनी हे दुखणे काढले आहे, त्या बंधूंना आमची विनंती आहे: त्या रत्नागिरीच्या शेजाऱ्यासारखे कुणाच्या तरी खाटेच्या कडेला जाऊन बसा. एक वाक्य पुरते.

पुढच्या अंकात मोतीबिंदूविषयी. तोवर पाणी प्या, चालत राहा.

आपली,
निवृत्त सिस्टर